चार्ज मूव्हचा सराव: बसल्या जागी डाव कसा साठवावा

शहापुरातल्या माळ्यावरच्या एका खोलीत आम्ही दर शनिवारी संध्याकाळी फायटिंग गेम खेळायला जमतो. बेळगावातले चार-पाच जण नेहमीचे असतात, खानापूर आणि निपाणीकडून येणारे एक-दोघे असतात, आणि पावसाळ्यात बाहेरचे मैदानी खेळ बंद पडले की आणखी दोन-तीन नवी मुले येतात. गेल्या पावसाळ्यात खानापूरहून आलेल्या एका मुलाने स्ट्रीट फायटर या खेळातले गाइल हे पात्र निवडले, त्याची सोनिक बूम ही दुरून मारायची मूव्ह, म्हणजे खास मारा, काढायला बसला आणि अर्धा तास खटपट करून शेवटी कंट्रोलर मांडीवर ठेवून मला म्हणाला, “दादा, बूम सुटेना झालंय बघा. मी तर मागं धरलो होतो की!”

तो खोटे बोलत नव्हता. ट्रेनिंग मोडमध्ये पडद्याच्या कडेला दिशांची नोंद दिसते आणि प्रत्येक दिशेसमोर ती किती फ्रेम धरली होती याचा आकडा येतो. त्याच्या नोंदीत ‘मागे’ या दिशेसमोर एकदा ३८, मग ४१, मग पुन्हा ३८ असे आकडे होते. त्याने मागे खरोखरच धरले होते, फक्त प्रत्येक वेळी लागणाऱ्या वेळेपेक्षा चार-सात फ्रेम आधी सोडले होते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, त्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही जाणवत नाही. ती केवळ आकड्यांत सापडते.

त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडत आहे. मूव्हसाठी अशी एक दिशा धरून ठेवण्याला चार्ज म्हणतात. नवशिके खेळाडू चार्ज म्हणजे थांबण्याचा वेळ समजतात, म्हणजे आधी थांबायचे, मग मूव्ह मारायची, मग पुन्हा थांबायचे. माझ्या मते चार्ज पात्रे अवघड वाटण्याचे हेच एक कारण आहे. चार्ज थांबून भरायचा नसतो. तो दुसरे काहीतरी करत असताना भरून घ्यायचा असतो, आणि पुढे येणाऱ्या सर्व युक्त्या, साध्या असोत की कठीण, याच एका गोष्टीतून निघतात.

चार्ज मूव्ह म्हणजे काय

रियूसारख्या पात्राची हाडोकेन ही मूव्ह स्टिक खालून पुढे फिरवून बटण दाबले की निघते. ती कधीही, अगदी पुढे चालत असतानाही मारता येते. चार्ज मूव्हला मात्र एक दिशा ठरावीक वेळ धरून ठेवावी लागते आणि मग उलट दिशा देऊन बटण दाबावे लागते. गाइलची सोनिक बूम मागे धरून पुढे आणि ठोशाचे बटण अशी निघते, तर त्याची फ्लॅश किक खाली धरून वर आणि लाथेचे बटण अशी निघते.

१९९१ मध्ये कॅपकॉमने आर्केडसाठी काढलेल्या स्ट्रीट फायटर टू या खेळात निवडता येणारी आठ पात्रे होती आणि त्यांपैकी गाइल, ब्लांका, ई. होंडा व चुन-ली या चौघांकडे चार्ज मूव्ह होत्या. म्हणजे ही पद्धत नंतर जोडलेली क्लृप्ती नसून या खेळप्रकाराच्या पायातच आहे. १९९२ च्या चॅम्पियन एडिशनमध्ये चार खलनायक खेळाडूंना खुले झाले, तेव्हा त्यांतलेही तिघे चार्ज पात्रेच होते. त्या तिघांची नावे जपानी आवृत्तीत आणि बाहेरच्या आवृत्तीत अदलाबदल झालेली असल्याने जगभरचे खेळाडू आजही त्यांना बॉक्सर, क्लॉ आणि डिक्टेटर असेच म्हणतात. तुम्ही कोणत्याही देशातल्या खेळाडूशी बोलणार असाल तर हीच नावे वापरावीत, म्हणजे घोटाळा होत नाही. स्ट्रीट फायटरच्या बाहेरही ही पद्धत सर्वत्र आढळते: किंग ऑफ फायटर्समध्ये लिओना, हायडर्न आणि अॅश क्रिमसन, तर गिल्टी गियर स्ट्राइव्हमध्ये मे, लिओ आणि अॅक्सल ही पात्रे चार्जवर चालतात.

दिशा धरून ठेवण्याची अट कशासाठी, हे समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे होते. सोनिक बूम मारल्यावर गाइल हाडोकेन मारणाऱ्या रियूपेक्षा लवकर सावरतो. इतकी चांगली मूव्ह जर पुढे चालता चालता मारता आली असती तर समोरच्याला श्वास घ्यायलाही जागा उरली नसती. म्हणून त्या मूव्हची किंमत जागेत वसूल केली जाते: बूम हवी असेल तर मागे धरा, आणि मागे धरले की पुढे जाता येत नाही. चार्ज पात्राच्या प्रत्येक डावात हा एकच सौदा चाललेला असतो. पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल साठवलेल्या चार्जमधून खर्च होते.

आधी आकड्यांची भाषा

दिशा लिहिण्यासाठी खेळाडू कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरील उजव्या बाजूचे आकडे वापरतात. मध्ये ५ म्हणजे स्टिक सोडलेली. ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे, ८ वर, २ खाली. तिरक्या दिशांमध्ये १ म्हणजे खाली-मागे, ३ म्हणजे खाली-पुढे, ७ म्हणजे वर-मागे आणि ९ म्हणजे वर-पुढे. मोबाइलच्या कीपॅडवर १ हा आकडा वरच्या ओळीत असतो, त्यामुळे ते चित्र डोळ्यांसमोर आणू नये. चौकटी कंसातला आकडा म्हणजे धरून ठेवायची दिशा, म्हणून सोनिक बूम [४]६ आणि ठोसा अशी लिहितात व फ्लॅश किक [२]८ आणि लाथ अशी लिहितात. तुमचे पात्र कोणत्याही बाजूला उभे असले तरी ४ म्हणजे नेहमी प्रतिस्पर्ध्यापासून दूर, हे लक्षात असू द्यावे.

पहिली पायरी: कंट्रोलर तपासा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि तिच्यावाचून महिने वाया जातात. मी माझा पहिला कंट्रोलर स्वस्तात घेतला होता आणि त्याच्या दिशांच्या बटणावर खाली-मागे ही तिरकी दिशा धरली की मधूनच ती नुसती ‘खाली’ होत असे. पडद्यावर पात्र दोन्ही वेळा बसलेलेच दिसते, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पण मागचा चार्ज प्रत्येक वेळी मोडत होता आणि मी मात्र दोष माझ्या अंगठ्याला देत होतो.

तपासणी सोपी आहे. ट्रेनिंग मोडमध्ये दिशांची नोंद चालू करा, १ ही दिशा धरा आणि मनात दहापर्यंत मोजा. नोंदीत एकच ओळ राहून तिचा आकडा वाढत गेला, म्हणजे स्ट्रीट फायटर सिक्समध्ये तो ९९ वर जाऊन थांबला, तर कंट्रोलर ठीक आहे. मध्येच २ किंवा ४ ची नवी ओळ उमटली तर एकतर पकड सुधारायला हवी किंवा कंट्रोलर बदलायला हवा. हीच तपासणी दुसऱ्या बाजूला उभे राहूनही करा, कारण झिजलेला कंट्रोलर अनेकदा एकाच कोपऱ्यात दगा देतो.

दुसरी पायरी: बसायला शिका

आमच्या गटातले कन्नड मित्र नवशिका गाइल खेळू लागला की मागून “कूतको, कूतको” असे ओरडतात, म्हणजे “खाली बस”. खरोखरच याहून चांगला सल्ला नाही. १ या दिशेत मागेही आहे आणि खालीही आहे, त्यामुळे स्टिक त्या कोपऱ्यात असताना सोनिक बूमचा आणि फ्लॅश किकचा असे दोन्ही चार्ज एकाच वेळी भरत असतात. शिवाय पात्र बसून ब्लॉक करत असते, म्हणजे बचाव वेगळा करावा लागत नाही.

कुस्तीतला पवित्रा ज्यांनी आखाड्याच्या कडेला बसून पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. पवित्र्यात उभा असलेला पैलवान काही करत नाही असे वाटते, पण त्याच्या गुडघ्यांत पुढचे सगळे डाव तयार असतात. १ ही दिशा चार्ज पात्राचा पवित्रा आहे. करण्यासारखे विशेष काही नसेल तेव्हा स्टिक तिथेच असली पाहिजे, आणि कोणतीही मूव्ह मारून झाली की स्टिक तिथेच परत गेली पाहिजे.

आता वेळेविषयी. स्ट्रीट फायटर मालिकेत चार्जला साधारण ४० ते ६० फ्रेम लागतात, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आगेमागे; नेमका आकडा खेळागणिक आणि मूव्हगणिक बदलतो, म्हणून आपल्या खेळाचा आकडा ट्रेनिंग मोडमध्ये शोधून काढावा. हा वेळ अंगात मुरवण्यासाठी मी नव्या मुलांना एक युक्ती देतो. स्टिक १ मध्ये जाताच मनात घाई न करता ‘बेळगावात’ हा शब्द पुरता म्हणावा आणि शेवटचा त संपला की मगच स्टिक पुढे ढकलावी. दोन-तीनशे वेळा असे झाले की शब्द आपोआप गळून पडतो आणि वेळ तेवढी शिल्लक राहते. खानापूरच्या त्या मुलाचे ३८ आणि ४१ हे आकडे या एका शब्दाने त्याच संध्याकाळी पन्नासच्या वर गेले. आधी थोडे जास्त धरायची सवय लावावी आणि मग एकेक फ्रेम काटत यावे. उलट्या क्रमाने शिकले तर मूव्ह सुटण्यावरचा विश्वासच बसत नाही.

तिसरी पायरी: सोडणे आणि परत येणे

१ वरून बूम मारताना स्टिक आधी ४ वर न्यावी आणि मग ६ वर, अशी गरज नाही. १ मध्ये मागे आहेच, म्हणून सरळ १ वरून ६ वर गेले तरी चालते. ठोशाचे बटण ६ च्या सोबत किंवा किंचित नंतर पडले पाहिजे. ते आधी पडले तर बूमऐवजी साधा ठोसा निघतो, आणि बहुतेक नवशिक्यांची चूक इथेच असते, कारण घाईत अंगठ्यापेक्षा बोट पुढे धावते. स्ट्रीट फायटर सिक्समध्ये ६ आणि बटण अगदी एकाच फ्रेमला पडले तर बूम अधिक चांगल्या दर्जाची निघते, पण सुरुवातीला त्यामागे लागू नये.

खरी मेख बूम सुटल्यानंतर आहे. नवशिका खेळाडू बूम मारतो, ती उडत जाताना पाहतो, आणि गाइल सावरला की मग पुन्हा १ धरतो. अनुभवी खेळाडूची स्टिक मात्र ६ ला स्पर्श करून लगेच १ मध्ये परतलेली असते, गाइलचे हात अजून पुढे असतानाच. खेळाला पात्र काय करत आहे याच्याशी देणेघेणे नसते. स्टिक मागे आहे एवढेच तो मोजतो. म्हणून बूम मारण्याच्या हालचालीत जितका वेळ जातो तो जवळजवळ सगळा पुढच्या चार्जच्या खात्यात जमा होतो. समोरच्याला एकामागून एक बूम येताना दिसतात आणि हा केव्हा चार्ज करतो हेच त्याला कळत नाही.

सराव असा करावा: दिशांची नोंद डोळ्यांसमोर ठेवून दहा बुमा सलग माराव्यात आणि प्रत्येक वेळी ६ समोरचा आकडा पाहावा. तो दोन-तीन फ्रेमच्या आसपास असावा. तिथे १० किंवा १५ दिसत असेल तर तेवढे फ्रेम तुम्ही प्रत्येक बूममागे फुकट घालवत आहात.

फ्लॅश किकसाठीही अशीच एक बारीक गोष्ट आहे. बहुतेक खेळांत वर या दिशेच्या जागी ७ किंवा ९ चालते. त्यांतले ७ घ्यावे. १ वरून ७ वर गेलात तर मागे ही दिशा क्षणभरही सुटत नाही, त्यामुळे बूमचा चार्ज फ्लॅश किक मारूनही तसाच राहतो. शिवाय खालचा चार्ज अपुरा असेल आणि किक निघाली नाही तर पात्र मागे उडी मारते, प्रतिस्पर्ध्याच्या तोंडात नाही.

चौथी पायरी: रिकामा वेळ शोधा

आता मुख्य विषय. सामन्यात असे अनेक क्षण असतात जेव्हा पात्रावर आपला ताबा नसतो किंवा असून उपयोग नसतो. चार्ज पात्र खेळणाऱ्यासाठी हाच वेळ मोलाचा आहे.

उडी हा त्यातला सर्वांत मोठा साठा. पुढे उडी मारायला ९ द्यावे लागते, म्हणजे दोन्ही चार्ज मोडतात. पण पाय जमिनीवरून सुटले की हवेत दिशा बदलत नाही, म्हणून स्टिक तत्काळ १ मध्ये आणता येते. उडीला साधारण चार्जइतकाच वेळ लागतो. हवेतून लाथ मारत खाली येईपर्यंत चार्ज जवळजवळ भरलेला असतो, आणि उतरल्यावर एक बसून मारलेला हलका ठोसा दिला की राहिलेले फ्रेमही भरून निघतात व त्यालाच जोडून बूम किंवा फ्लॅश किक मारता येते. पाहणाऱ्याला वाटते की याने चार्ज न करताच मूव्ह मारली.

जमिनीवर पडलेले असताना पात्र उठेपर्यंतचा वेळ पुरेसा असतो. तेव्हा १ धरले तर उठता क्षणी फ्लॅश किक तयार असते. मात्र ती दर वेळी मारू नये, कारण चुकली तर मोठी शिक्षा मिळते. ती तयार आहे एवढे समोरच्याला माहीत असले तरी तो बिचकतो. ब्लॉक करतानाचा वेळही असाच आहे. समोरचा तुमच्यावर तीन-चार मारे करत असतो आणि तुम्ही १ धरून नुसते सोसत असता, पण आत घड्याळ चालू असते. पुढे धाव घेतानाही हाच नियम लागू होतो: ६, ६ देऊन स्टिक लगेच १ मध्ये न्यावी, धाव संपेपर्यंत काही चार्ज जमलेला असतो.

मागे चालण्याकडे नवशिके दुर्लक्ष करतात, ते करू नये. ४ धरून मागे सरकताना खालचा चार्ज भरत नाही, पण बूमचा भरतो, आणि बसलेल्या गाइलपेक्षा मागे सरकणारा गाइल कमी धोकादायक वाटतो. समोरचा जागा मिळाली म्हणून पुढे पाऊल टाकतो आणि त्याच पावलात बूम घेतो.

कॉम्बोच्या, म्हणजे एकाला एक जोडून मारलेल्या माऱ्यांच्या, बाबतीत एकच नियम ध्यानात ठेवावा: कॉम्बो सुरू होण्यापूर्वीच चार्ज भरायला सुरुवात करावी लागते. जे मारे १ धरूनच मारता येतात, म्हणजे बसून मारलेले ठोसे आणि लाथा, ते चार्ज मोडत नाहीत. ज्या माऱ्यांना ६ द्यावे लागते, जसे स्ट्रीट फायटर सिक्समध्ये गाइलचा पुढे आणि जोरदार ठोसा, ते मागचा चार्ज मोडतात. कॉम्बो पाठ करताना बटणांचा क्रम लिहून ठेवतात तसाच प्रत्येक माऱ्याखाली स्टिक कुठे आहे हेही लिहून ठेवावे. कागदावर दोन ओळी झाल्या की कोणता कॉम्बो अशक्य आहे हे सरावाआधीच दिसते आणि तासन् तास वाचतात.

बाजू बदलते तेव्हा

प्रतिस्पर्धी डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की ‘मागे’ उलटे होते. तुम्ही १ धरून बसलेला असता ते अचानक ३ होते: बसलेले आहात, पण ब्लॉक नाही, आणि मागचा चार्ज गेला. या क्षणी बहुतेक जण स्टिक सोडून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. तसे केले की स्टिक ५ वरून जाते आणि खालचा चार्जही मोडतो.

खालचा चार्ज मात्र बाजूवर अवलंबून नसतो. ३ मध्येही खाली आहे आणि २ मध्येही आहे. म्हणून स्टिक खालच्या कडेने घासत ३, २, १ अशी न्यावी, एकदाही वर उठू देऊ नये. फ्लॅश किक शाबूत राहते, आणि उडी मारून आलेला प्रतिस्पर्धी उतरताना तिचीच सर्वांत जास्त गरज असते. ही एक हालचाल मी रोज पाच मिनिटे करतो. सांगायला दोन वाक्ये लागतात, पण बोटांत उतरायला महिना लागतो.

पाचवी पायरी: पुढच्या युक्त्या

काही खेळांत चार्जवर चालणारी सुपर मूव्ह, म्हणजे पात्राची सर्वांत जबर मूव्ह, [४]६४६ अशी असते. सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो या १९९४ च्या खेळातल्या बॉक्सरची सुपर मूव्ह याच पद्धतीची आहे. यात पहिलेच ४ पूर्ण वेळ धरायचे असते, दुसरे ४ म्हणजे नुसता स्पर्श. या रचनेचा सुंदर उपयोग असा की, जिथे साधी मूव्ह मध्येच तोडून सुपर मारता येते अशा खेळांत [४]६ देऊन ठोसा मारला की साधी मूव्ह निघते, आणि तिथेच ४, ६ आणि ठोसा दिला की सुपर निघते. खेळ पहिले ४ आणि ६ सुपरच्याही हिशेबात धरतो, म्हणून दुसऱ्यांदा चार्ज करावा लागत नाही.

बॉक्सरच्या वळून मारायच्या ठोशात दिशेऐवजी बटण धरून ठेवावे लागते. तिन्ही ठोशांची किंवा तिन्ही लाथांची बटणे दाबून ठेवायची आणि सोडायची. जितका वेळ धराल तितका ठोसा जबर. लाथांची बटणे धरून ठेवून बाकीचा सामना ठोशांवर खेळणे ही याची नेहमीची पद्धत. यासाठी उजव्या हाताची ठेवण बदलावी लागते, म्हणून ही युक्ती दिशांचे चार्ज पक्के झाल्यावरच हाती घ्यावी.

चार्जचे तुकडे करणे ही मात्र खास १९९९ च्या स्ट्रीट फायटर थ्री थर्ड स्ट्राइकची देणगी आहे. त्या खेळात दिशा सुटली की मोजणी लगेच शून्यावर येत नाही, ती थोडा वेळ तग धरते. त्यामुळे थोडा चार्ज, मग पुढे धाव, मग उरलेला चार्ज असे तुकडे जोडता येतात, आणि युरियनसारखे पात्र पुढे धावत येऊन लगेच चार्जची मूव्ह मारू शकते. नंतरच्या बहुतेक खेळांत दिशा सुटली की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तो खेळ खेळणार नसाल तर या सरावात वेळ घालवू नये, कारण ही सवय दुसऱ्या खेळांत घात करते.

बटणांचा कंट्रोलर घेणाऱ्यांसाठी

हल्ली स्टिकऐवजी सर्व दिशांना बटणे असलेले कंट्रोलर लोकप्रिय झाले आहेत, आणि कीबोर्डही याच जातीचा आहे. यांच्यावर मागे आणि पुढे ही दोन्ही बटणे एकाच वेळी दाबता येतात, जे स्टिकवर शक्यच नाही. अशा वेळी कंट्रोलरने काय समजावे हा मोठा वादाचा विषय आहे. नंतर दाबलेली दिशा खरी असे मानले तर खेळाडू मागे कायम धरून पुढचे बटण नुसते टिचकी मारल्यासारखे दाबू शकतो आणि ते सुटताच चार्ज पुन्हा सुरू होतो. परत येण्याचे सगळे कौशल्य यंत्रच करून टाकते. २०१९ मध्ये गाइल खेळणारे जपानचे नामवंत खेळाडू दाइगो उमेहारा वापरत असलेल्या अशाच प्रकारच्या कंट्रोलरला अमेरिकेतल्या कॉम्बो ब्रेकर या स्पर्धेत मनाई झाली होती.

म्हणून सरावाला बसण्यापूर्वी आपल्या कंट्रोलरची मांडणी अशी करावी की मागे आणि पुढे एकत्र दाबले तर कोणतीच दिशा जाऊ नये. स्पर्धांमध्ये हीच मांडणी सर्वांत निर्धोक आहे. एका मांडणीवर वर्षभर सराव करून ऐन स्पर्धेत दुसरी वापरावी लागली तर बोटे ऐकत नाहीत.

समोरचा तुमचा चार्ज मोजतो आहे

मूव्ह हातात बसली की नवा अडथळा समोर येतो. चांगला प्रतिस्पर्धी तुमच्याकडे पाहून ‘बेळगावात’ म्हणत असतो. तुम्ही पुढे चाललात की त्याला कळते की आता पाऊण सेकंद बूम नाही, आणि तो तेव्हाच उडी मारतो. म्हणून पुढे सरकायचे ते हलक्या ठोशाच्या बुमेमागून सरकावे. हलक्या ठोशाची बूम हळू जाते, जोरदार ठोशाची वेगाने. हळू बूम पुढे चालत असताना प्रतिस्पर्ध्याला तिचा बंदोबस्त करावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात दोन पावले चालून पुन्हा १ मध्ये बसता येते.

ठोशांचा वेगही बदलत राहावा. सलग तीन बुमा एकाच वेगाने मारल्या की चौथीला समोरचा डोळे मिटून उडी मारेल. कधी चार्ज पुरता भरलेला असूनही काहीच मारू नये. तो बूम येणार म्हणून उडतो आणि तुम्ही बसल्या जागी फ्लॅश किकने त्याला खाली आणता. आमच्याकडे निपाणीहून येणाऱ्या एका मुलीचा हाच मुख्य डाव आहे. ती एका फेरीत जेमतेम तीन-चार बुमा मारते, पण तिच्या समोरचा प्रत्येक जण पूर्ण वेळ त्या न मारलेल्या बुमेला घाबरून खेळतो.

आठवडाभराची आखणी

पहिले दोन दिवस फक्त बूम, दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर, नोंदीकडे पाहत. पुढचे दोन दिवस १ वरून ७ वर जाणारी फ्लॅश किक आणि तिच्यानंतर लगेच बूम. पाचव्या दिवशी उडी, हलका ठोसा, बूम. सहाव्या दिवशी खालच्या कडेने बाजू बदलणे. यासाठी ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पात्राची उडी नोंदवून ठेवावी आणि ती पुन्हा पुन्हा चालवावी. सातव्या दिवशी माणसांशी सामने खेळावेत, आणि हरलात तरी त्या दिवशी सामना संपताच बचावाचा किंवा कॉम्बोचा विचार न करता सामन्याची नोंद उघडून एकच गोष्ट पाहावी: फेरी चालू असताना स्टिक ५ वर, म्हणजे कुठेच न जाता, किती वेळ पडून होती.

खानापूरच्या मुलाने पहिल्या आठवड्यानंतर ही नोंद उघडली तेव्हा ५ समोर ३० ते ६० फ्रेमचे आकडे जागोजागी होते. दिवाळीपर्यंत ते एक आकडी झाले होते, आणि त्या शनिवारी त्याने मला सलग दोन फेऱ्या हरवले.